इकितोसला जाताय? आधी नदीला विचारा, मग बेत आखा

पेरूच्या ईशान्य कोपऱ्यात अ‍ॅमेझॉनच्या काठी वसलेल्या इकितोसला बाहेरून रस्ता येत नाही. चार-पाच लाख वस्ती, विमानतळ, विद्यापीठ, बँका, वाहतुकीची कोंडी असं सगळं असलेलं हे शहर, पण लिमाहून बस पकडून इथे येता येत नाही. शहरातून एकच लांबचा डांबरी रस्ता निघतो, दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाउता गावापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. बाकी सगळं विमानाने किंवा बोटीने. सिमेंटही बोटीने, कांदाही बोटीने. त्यामुळे इथे कधी यायचं, कुठे राहायचं, कोणत्या धक्क्यावरून निघायचं, बाजारात बटाटा काय भावाने मिळेल, या सगळ्याचं उत्तर शेवटी नदीच्या पातळीपाशी जातं. प्रवासवर्णनांत पाऊस आणि डासांची चर्चा फार असते. माझ्या मते पाण्याची पातळी समजून घेतली की निम्मी तयारी झाली.

महिना ठरवा, पण पावसावरून नाही

पाऊस बारा महिने पडतो. कोरडा ऋतू असा नाहीच, फक्त कमी-जास्त. दुपारी तास-दीड तास धो धो कोसळतो आणि उघडतो. तापमान वर्षभर साधारण 22 ते 32 अंशांच्या दरम्यान, दमट. म्हणून पाऊस टाळायचा महिना शोधत बसू नका.

खरा फरक नदीचा. अँडीज पर्वतात पडलेलं पाणी खाली उतरतं तशी डिसेंबरपासून नदी चढू लागते आणि एप्रिल-मेमध्ये सर्वांत वर असते. हा 'क्रेसिएन्ते'. जूनपासून ओसरते, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तळाशी जाते. हा 'वासियान्ते'. दोन्ही टोकांमधला फरक दहा मीटरच्या आसपास, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा असू शकतो. 2010 मध्ये इतकं पाणी आटलं की मोठ्या बोटींना धक्क्याला लागणं मुश्कील झालं. 2012 मध्ये उलट, पूर शहराच्या खालच्या वस्त्यांत शिरला.

भरल्या पाण्यात जंगलच पाण्याखाली असतं. होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते, माकडं आणि पक्षी डोळ्यांच्या पातळीवर दिसतात, आतल्या तळ्यांपर्यंत वल्हवत पोचता येतं. पायी फिरायला मात्र जमीन कमी आणि डास जास्त. ओसरल्या पाण्यात पायवाटा उघड्या पडतात, वाळूचे किनारे तयार होतात, मासे उरल्यासुरल्या पाण्यात दाटतात आणि त्यांच्यामागे बगळे, मगरी, गुलाबी डॉल्फिन येतात. पण छोट्या नद्या आटलेल्या असल्याने काही लॉजपर्यंत बोट जातच नाही, शेवटचा टप्पा चिखल तुडवत. पहिल्यांदा येणाऱ्याला मी मे-जून सुचवीन: पाणी भरपूर, उतरणीला लागलेलं. शिवाय 24 जूनचा सान हुआनचा सण मिळतो, तेव्हा अख्खं शहर नदीकाठी जेवायला जातं.

कागदपत्रं आणि लस: हे किमान महिनाभर आधी

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा असेल, किंवा त्या देशांत कायमचं वास्तव्य असेल, तर पेरूसाठी वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. नसेल तर नवी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करायचा. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. लिमात उतरल्यावर किती दिवसांचं वास्तव्य मंजूर झालं ते तिथल्या तिथे विचारा. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसागणिक दंड भरल्याशिवाय देशाबाहेर जाता येत नाही.

यलो फीव्हरच्या लशीबाबत आपल्याकडच्या लोकांचा हमखास गैरसमज होतो. पेरूत शिरताना प्रमाणपत्र कुणी विचारलं नाही, म्हणून ते नकोच, असं लोक समजतात. खरी तपासणी परतताना होते, भारतात. पेरू यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे आणि तिथून आलेल्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर मुंबई-दिल्लीच्या विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. लस फक्त केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांवरच घ्यायची; खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीला किंमत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं, मग आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्टचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना, हे केंद्रावरच पाहून घ्या.

मलेरिया इथे खराखुरा आहे. पेरूतले बहुतेक रुग्ण याच लोरेतो प्रांतातले असतात. क्लोरोक्विनवर विसंबू नका. कोणती प्रतिबंधक गोळी घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि परत आल्यावरही सांगितले तितके दिवस ती चालू ठेवा. डेंग्यूवर गोळी नाही. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे आणि अंगाला लावायचं औषध, इतकाच उपाय.

पोचायचं कसं

मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. युरोपातून, अमेरिकेतून किंवा आदिस अबाबा-साओ पावलोमार्गे यावं लागतं. ट्रान्झिट व्हिसाचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. स्वस्त तिकिटाच्या मोहात तो तपासायचा राहतो. लिमाचं नवं टर्मिनल जून 2025 पासून सुरू आहे. तिथून इकितोस दोन तासांच्या आत. सकाळचं विमान घ्या, दुपारच्या पावसाने वेळापत्रक कोलमडतं. आणि परतीच्या दिवशी इकितोस-लिमा आणि लिमाहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान, ही दोन्ही एकाच दिवशी जुळवू नका. लिमात एक रात्र काढा. विमान रद्द झालं तर इथून बसने निघायची सोय नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

विमानतळाबाहेर पाऊल टाकताच लॉज आणि सहली विकणारे गराडा घालतात. हसून पुढे व्हा. तिथे पैसे देऊन काहीही ठरवू नका.

खोली बघताना छत बघा

पर्यटकासाठी प्लासा दे आर्मास हा मुख्य चौक आणि मालेकोन तारापाका हा नदीकाठचा रस्ता यांच्या आसपासचा भाग सोयीचा. खोली रस्त्याच्या बाजूची नको. या शहरात चारचाकी कमी आणि मोतोकार्रो, म्हणजे इथल्या तीनचाकी रिक्षा, अगणित. पहाटे पाचपासून त्यांच्या सायलेन्सरचा कडकडाट सुरू होतो. आतल्या अंगणाकडची खोली मागा आणि कानात घालायचे बोळे न्या.

महिना-दोन महिने राहायचं असेल तर भाड्याची खोली घ्या, पण दुपारी दोन वाजता बघायला जा. वर 'कालामिना' म्हणजे नुसता पत्रा असेल आणि खाली छत नसेल, तर त्या वेळी आत उभंच राहवत नाही. पाऊस पडला की फोनवर बोलता येत नाही. मग हे विचारा: पाण्याची टाकी आहे का, कारण नळ सगळा दिवस चालत नाही. खिडक्यांना जाळी आहे का. एप्रिलमध्ये या गल्लीत पाणी येतं का, आणि हे घरमालकाला नाही, समोरच्या दुकानदाराला विचारा. वीज गेली तर काय सोय आहे. इकितोस देशाच्या मुख्य वीजजाळ्याला जोडलेलं नाही, शहराची वीज इथल्याच औष्णिक केंद्रातून येते आणि जाते. सहसा एक महिन्याचं भाडं आगाऊ आणि तेवढीच किंवा दुप्पट अनामत मागतात. पावती घ्या, भिंतींचे फोटो काढून ठेवा.

नळाचं पाणी पिऊ नका. वीस लिटरचा 'बिदोन' कोपऱ्यावरच्या दुकानातून घरपोच येतो. गरम पाण्याचा शॉवर स्वस्त खोल्यांत नसतो आणि दोन दिवसांत त्याची आठवणही येत नाही. बुरशी मात्र पिच्छा पुरवते. श्रावणातल्या कोकणासारखीच गत: चामड्याचे बूट, कॅमेऱ्याची पिशवी, पासपोर्टचं वेष्टन, सगळ्यावर पांढरी साय धरते. कॅमेरा आणि कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

वीज 220 व्होल्टची आहे. आपली दोन गोल पिनांची चार्जरं बहुतेक ठिकाणी बसतात, तीन पिनांची नाही.

शहरात फिरणं

लिमाच्या उपनगरांत पुण्याच्या बजाजची रिक्षा 'तोरितो' नावाने धावताना दिसते आणि उगाच छाती फुगते. इकितोसचा मोतोकार्रो मात्र वेगळा: पुढे अख्खी मोटारसायकल, मागे छत टाकलेलं उघडं बाकडं. मीटर नाही. बसण्याआधी जागा सांगून 'कुआंतो?' म्हणजे 'किती?' असं विचारा आणि ऐकलेला आकडा बोटांनी दाखवून पक्का करा. शहरातल्या शहरात काही सोलांत (सोल हे पेरूचं चलन) काम होतं. आपण निघालो त्या हॉटेलवाल्याला 'किती द्यावे?' असं आधी विचारून घेतलं की घासाघीस करावी लागत नाही. सुटे पैसे जवळ हवेत. पन्नासची नोट पाहून चालकाकडे सुटे कधीच नसतात. पिशवी मांडीवर, पट्टा हाताला गुंडाळलेला. फोन बाहेर काढून नकाशा बघत बसू नका, शेजारून जाणारी दुचाकी तो उचलून नेते.

पैसे काढायची यंत्रं हिरोन प्रोस्पेरो या मुख्य रस्त्यावर आणि चौकाजवळ आहेत. बँकेच्या आतलं यंत्र वापरा, तेही दिवसा. इथले लोक फोनवरच्या 'यापे' या अ‍ॅपने पैसे देतात, पण त्याला स्थानिक खातं लागतं. पाहुण्याला रोखच बरी. डॉलर नेणार असाल तर नोट कोरी हवी. कोपरा जरासा फाटला असेल तरी परत करतात.

पहिल्या संध्याकाळी मालेकोनवर जा. समोर दिसतं ते पाणी अ‍ॅमेझॉनचं आहे असं सगळे फोटोखाली लिहितात. मुख्य प्रवाह केव्हाच पूर्वेला सरकला, समोर वाहते ती इताया. ओहोटीच्या महिन्यांत तिथे नुसतं हिरवं कुरण दिसतं. आजूबाजूच्या जुन्या वाड्यांवरच्या रंगीत टाइल्स युरोपातून आलेल्या, आणि चौकाच्या कोपऱ्यावरचं 'कासा दे फिएर्रो' हे लोखंडी घरही तिकडूनच सुटे पत्रे आणून जोडलेलं. ते आयफेलने केलं असं सांगतात, वाद आहे. हा थाट 1880 ते 1912 च्या रबराच्या पैशाचा. तो पैसा आला कुठून, हेही माहीत असू द्या: हुलिओ सेसार आरानाच्या कंपनीने पुतुमायो नदीच्या खोऱ्यात आदिवासींना गुलामासारखं राबवलं, मारलं. 1910 मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट तिथे चौकशीला गेला, त्याचा अहवाल 1912 मध्ये छापून आला. टाइल्स बघताना मला तो आठवतो.

खाणं, आणि शाकाहाऱ्यांची गोष्ट

मासे खाणाऱ्याची चंगळ आहे. पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली पातारास्का, शेंगदाण्याच्या वाटणातलं कोंबडीचं इंचिकापी, बिहाओच्या पानात बांधून उकडलेला भाताचा हुआने. हुआनेचा पिवळा रंग हळदीचा आहे. तिला इथे 'गिसादोर' म्हणतात आणि ती बाजारात सहज मिळते. कोथिंबिरीच्या वासाची लांब पानं 'साचा कुलान्त्रो'च्या जुड्यांत. म्हणजे घरी स्वयंपाक करणार असाल तर नेण्याची गोष्ट एवढीच: हिंग, मोहरी, गोडा मसाला. पाकीटबंद न्या आणि लिमाच्या विमानतळावर जाहीर करा.

पाइचे हा प्रचंड मासा चवीला उत्तम, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्याच्या नदीतल्या मासेमारीवर बंदी असते. त्या काळात तळ्यात वाढवलेलाच घ्या. कासव, कासवाची अंडी, मगर, रानडुक्कर ताटात आलं तर नाही म्हणा. मागणी थांबल्याशिवाय शिकार थांबत नाही.

शाकाहाऱ्याने 'सिन कार्ने' एवढंच म्हटलं तर समोर कोंबडी येते, कारण 'कार्ने' म्हणजे लाल मांस अशीच समजूत आहे. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नको. ताकाचो नावाचा कच्च्या केळ्याचा गोळा बघून हुरळू नका, तो डुकराच्या चरबीत मळलेला असतो. घेवड्याच्या उसळीतही चरबी असू शकते, विचारा. बिनधोक पदार्थ: चोंताची कोशिंबीर, म्हणजे ताडाच्या कोवळ्या गाभ्याच्या फितीसारख्या पट्ट्या, लिंबू-मीठ आणि अ‍ॅव्होकाडोसह, तळलेलं पिकं केळं, युका म्हणजे कसावाचा कंद, भात आणि अंडं चालत असेल तर अंडं. चिनी-पेरुवी 'चिफा'त भाज्यांचा भात करून देतात, फक्त परतताना हॅम टाकू नका असं सांगावं लागतं.

टेबलावरची छोटी वाटी सोडू नका. वाटाण्याएवढी पिवळी चारापिता मिरची आणि आंबट कोकोना फळ यांची चटणी. दिसते गरीब, पण कोल्हापूरकरालाही पाणी मागायला लावते. पेयांत कामू कामूचा रस घ्या, आणि दुपारी रस्त्यावर बायका खवल्यांचं तांबडं फळ सोलून विकतात ते अग्वाहे. पहिल्या घासाला साबणासारखं वाटतं. तिसऱ्या फळाला सवय होते.

बेलेनचा बाजार आणि तरंगती वस्ती

सकाळी सात-आठला जा, ओळखीच्या वाटाड्याबरोबर, खिशात दिवसापुरते पैसे. पासाहे पाकितो या गल्लीत मुळ्या, साली, बाटल्यांत मुरवलेली औषधी दारू. खाली उतरलं की बेलेन बाहो: लाकडी ओंडक्यांवर तरंगणारी किंवा खांबांवर उभी घरं. भरल्या पाण्यात तिथे होडीने फिरतात, ओसरल्यावर त्याच गल्ल्यांतून चिखलात चालतात. लोकांची घरं आहेत, खिडकीतून कॅमेरा आत घालू नका. अंधार पडायच्या आत वर या. स्लॉथ हा झाडावरचा संथ प्राणी मांजरीसारखा तुमच्या अंगावर ठेवून फोटो काढू देणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नका. ते पिल्लू बहुतेकदा आईला मारून आणलेलं असतं.

प्राणी बघायचेच तर नाउता रस्त्यावर, शहराच्या जवळच, अनाथ मानाटींचं, म्हणजे पाण्यातल्या मोठ्या शाकाहारी सस्तन प्राण्यांचं, बचाव केंद्र आहे, सकाळी दूध पाजायच्या वेळेला जा. फुलपाखरांसाठी बेयाविस्ता-नानाय धक्क्यावरून होडीने पाद्रे कोचा गावी, पिल्पिंतुवासी या फुलपाखरू केंद्राला. पाणी कमी असेल तर गावातून पुढे पायी जावं लागतं.

जंगलात जाण्याआधी विचारायचे प्रश्न

'जंगल लॉज' या नावाखाली काहीही विकलं जातं. पैसे देण्याआधी लेखी विचारा: शहरापासून बोटीने किती तास? आत्ताच्या पातळीला तिथवर पाणी आहे का? वाटाड्या लॉजचाच आहे की त्या दिवशी पकडलेला? पिण्याचं पाणी, रबरी बूट, जीवरक्षक जाकीट किमतीत आहे का? शहरापासून तासाभराच्या आत असेल तर प्राण्यांची फार आशा धरू नका.

पक्षीप्रेमी असाल आणि वेळ कमी असेल तर बोट न घेता अल्पावायो-मिशाना राखीव जंगल करा, ते नाउता रस्त्याला लागूनच आहे. पांढऱ्या वाळूवरचं तिथलं खुरटं रान वेगळंच. 2005 मध्ये नव्याने नोंदलेला इकितोसचा छोटा कीटकभक्षी पक्षी तिथलाच. हातात पाच दिवस असतील तर पाकाया-सामिरिया राखीव जंगल. वीस लाख हेक्टरांहून मोठं, नाउताकडून शिरता येतं, प्रवेश शुल्क वेगळं. नाउताला जाताच आहात तर मारान्योन आणि उकायाली या नद्यांचा संगमही बघा. पेरूत अ‍ॅमेझॉन हे नाव तिथून सुरू होतं.

आयावास्का या भ्रम निर्माण करणाऱ्या वनौषधी काढ्याबद्दल विचारणारे भेटतीलच. पेरूत तो कायदेशीर आहे, 2008 पासून सांस्कृतिक वारशात गणला जातो. पण नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर त्याचा संयोग जिवावर बेतू शकतो, आणि हृदयविकार किंवा मनोविकाराचा इतिहास असणाऱ्याने लांबच राहावं. चौकात हटकून विकणाऱ्याबरोबर तर कुणीच जाऊ नये.

लांचाचा प्रवास

वेळ असेल तर इकितोसला विमानाने या आणि परत बोटीने निघा. मालवाहू लांचा मासुसा बंदरातून सुटतात. युरिमाग्वास प्रवाहाविरुद्ध साधारण तीन दिवस, तिथून रस्त्याने तारापोतो. पुकाल्पा चार-पाच दिवस किंवा जास्त. वेळ बोटीच्या नाकावर लटकवलेल्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते. 'आज पाच वाजता' याचा अर्थ माल भरला की. पैसे फक्त बोटीवरच्या माणसाला द्या, धक्क्यावरच्याला नाही.

झुला आणि दोर बाजारात घ्या. शक्यतो सकाळीच चढून जागा धरा: वरच्या डेकवर, इंजिन आणि संडासापासून दूर, आणि दिव्याच्या थेट खाली नको, रात्री किडे अंगावर पडतात. स्वतःचा डबा आणि चमचा लागतो. घंटा वाजली की रांगेत भात, केळं, कोंबडी. शाकाहाऱ्याने फळं, शेंगदाणे, खाकरे न्यावेत. पिण्याचं पाणी, टॉयलेट पेपर, पातळ पांघरूण, सामानाला साखळी-कुलूप. पहाटे नदीवर गारठा असतो, तो कुणी सांगत नाही.

ब्राझील-कोलंबियाकडे जायचं असेल तर तिन्ही देशांच्या सीमेवरच्या, पेरूच्या बाजूच्या सान्ता रोसाची वेगवान बोट एका लांबलचक दिवसात पोचवते. पेरूतून बाहेर पडल्याचा शिक्का सान्ता रोसालाच घ्यायचा, पलीकडे कोलंबियातल्या लेतिसियाला किंवा ब्राझीलमधल्या ताबातिंगाला उतरण्याआधी. भारतीयांना त्या दोन्ही देशांचे व्हिसा नियम वेगळे आहेत, ते घरूनच उरकून निघा.

आजारी पडलात तर

पोलिसांना 105, रुग्णवाहिकेला 106, अग्निशमनाला 116. गंभीर रुग्णाला विमानाने लिमाला हलवावं लागतं, म्हणून प्रवास विम्यात हवाई स्थलांतराचं कलम आहे का ते वाचून घ्या. भारतीय दूतावास लिमात आहे. ताप आला तर वाट न बघता सरकारी आरोग्य केंद्रात 'गोता ग्रुएसा' ही रक्ततपासणी करून घ्या. मलेरियाची तपासणी आणि औषध तिथे मोफत असतं. परतल्यावर काही महिन्यांनीही ताप उलटू शकतो, विशेषतः व्हायव्हॅक्स मलेरियाचा. तेव्हा पुण्या-मुंबईच्या डॉक्टरकडे गेलात की 'मी लोरेतोला जाऊन आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर ते व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देतील.